फिल्टर कापू नकोस, मकरंद

सातारा,
जानेवारी

प्रिय मकरंद,



तू पाठवलेले धुराचे व्हिडिओ पाहिले, डॅशबोर्डचे फोटो पाहिले आणि त्याखाली लिहिलेला तुझा वैतागही वाचला. फोनवर तासभर बोललो असतो तरी निम्मं राहून गेलं असतं, म्हणून म्हटलं सरळ कागद घ्यावा आणि सविस्तर लिहावं. डेहराडूनमध्ये गॅरेजला जाशील तेव्हा हे पत्र खिशात टाकून ने. मिस्त्रीला हिंदीत वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं. गाडी २०२० ची, बीएस ६ डिझेल. तू ती सेकंडहँड घेतलीस तेव्हाच नव्वद हजाराच्या पुढे पळालेली होती. थंडी सुरू झाल्यापासून सकाळी पांढरा धूर येतो. मधूनच फिल्टरचा पिवळा दिवा लागतो, कधी आपोआप जातो, कधी ठाण मांडून बसतो. मसुरीच्या चढावर गाडी ओढत नाही आणि अ‍ॅव्हरेज पडलंय. कंपनीचं वर्कशॉप म्हणतं, अख्खा फिल्टर बदला. त्याचा आकडा ऐकून तुझी झोप उडालीय. बाहेरचा मिस्त्री म्हणतो, साहेब, फिल्टर आतून पोकळ करून देतो, सॉफ्टवेअर मारतो, दिवा जन्मात लागणार नाही. दोघांचं बोट फिल्टरकडेच आहे.

माझं मत तुला आधीच सांगून टाकतो: फिल्टरकडे सगळ्यात शेवटी बघायचं. काजळी तयार होते इंजिनात, फिल्टरमध्ये ती नुसती साठते. ती जास्त का होतेय, किंवा साठलेली जळून का जात नाहीये, हे कळल्याशिवाय नवा फिल्टर बसवलास तर तोही काही महिन्यांत तुंबेल. आणि पोकळ केलास तर बिघाड तसाच राहील, फक्त तो सांगणारा दिवा जाईल.

आधी हा फिल्टर आहे काय ते सांगतो. सायलेन्सरच्या आधी, बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या जवळच, एक जाड पत्र्याचा डबा असतो. आत चिनी मातीसारख्या कडक पदार्थाचा ठोकळा असतो, त्याला मधाच्या पोळ्यासारखी हजारो बारीक भोकं. गंमत अशी की ही भोकं आरपार नसतात. एक भोक पुढून उघडं तर मागून बंद, शेजारचं पुढून बंद आणि मागून उघडं. म्हणजे धुराला एका नळीतून दुसऱ्या नळीत जायचं तर मधल्या सच्छिद्र भिंतीतूनच जावं लागतं. वायू जातो, काजळी भिंतीला चिकटते. आमच्या गॅरेजमध्ये एक खराब झालेला ठोकळा कापून ठेवलाय. नवी पोरं कामाला आली की मी त्यांना तो आधी हातात देतो. धूर शिरतो ती बाजू मखमलीसारखी काळीभोर आणि बाहेर पडतो ती बाजू जवळजवळ कोरी, मातकट रंगाची. त्या कोऱ्या बाजूला एका कोपऱ्यात रुपयाएवढा काळा डाग आहे. तिथे भिंत तडकली होती आणि तेवढ्या जागेतून काजळी सुटत होती. तो डाग पाहिला की पोरांना फिल्टर काय करतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

मोठ्या प्रमाणावर विकलेल्या मोटारीत हा फिल्टर पहिल्यांदा आला तो फ्रान्समध्ये, २००० साली, प्यूजो ६०७ मध्ये. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि डिझेल मोटारींत तो सर्रास बसू लागला. का बसवावा लागला, ते आकड्यांवरून कळतं. बीएस ४ च्या डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस ६ ला साडेचार मिलिग्रॅम. शिवाय डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं. एवढी काजळी अडवायची तर फिल्टरला पर्याय नव्हता.

आता साठलेली काजळी जाते कुठे? ती जाळावी लागते. गाडी हायवेवर निवांत एका वेगात पळत असेल तर धुराची उष्णता अडीचशे-चारशे अंशांपर्यंत जाते आणि थोडी थोडी काजळी आपोआप जळत राहते. शहरात ते जमत नाही. मग फिल्टर भरत आला की गाडीचा कॉम्प्युटर स्वतः मोहीम काढतो. सिलिंडरमध्ये जादा डिझेल उशिरा सोडतो, ते डिझेल फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर पेटतं, उष्णता सहाशे अंशांच्या आसपास जाते आणि काजळी जळून जाते. गॅरेजच्या भाषेत याला 'रीजन' म्हणतात. दहा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ गाडी चालू राहायला हवी आणि मधेच बंद करून चालत नाही.

रीजन चालू असताना कळतं बरं का, लक्ष दिलंस तर. उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा थोडे चढे असतात, क्षणाक्षणाचं अ‍ॅव्हरेज दाखवणारा आकडा एकदम खाली येतो, गरम लोखंडासारखा वास येतो आणि चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा घोंघावत राहतो. तू लिहिलंयस ना, 'गाडी बंद केल्यावर पंखा वेड्यासारखा फिरतो'? ते रीजन तू मधेच तोडल्याचं लक्षण. तुझं ऑफिस घरापासून चार-पाच किलोमीटरवर. इंजिन तापेपर्यंत तू पोचतोस. रोज अर्धवट रीजन, रोज थोडी जास्त काजळी.

पण मला यापेक्षाही महत्त्वाची वाटली ती तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेली ओळ. 'हीटर पण धड गरम होत नाही, ही आणि आई मागच्या सीटवर कुडकुडतात.' वहिनींची आणि काकूंची ही तक्रार तू वेगळी धरलीस. मला वाटतं सगळ्याचं मूळ तिथेच असावं. गाडीच्या आतला हीटर इंजिनाच्या कूलंटवर चालतो. कूलंट गरम होत नसेल तर हीटर थंड. आणि कूलंट गरम होत नसेल तर इंजिन 'अजून मी तापलेलंच नाही' असं धरून चालतं आणि बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर रीजन सुरूच करत नाही, किंवा केलं तर नीट पूर्ण होत नाही. या सगळ्याचा गुन्हेगार बऱ्याचदा एक मुठीत मावणारी वस्तू असते: थर्मोस्टॅट. इंजिन साधारण ऐंशी-नव्वद अंशांना येईपर्यंत त्याने रेडिएटरची वाट बंद ठेवायची असते. तो उघडाच अडकला तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमध्ये फिरतं आणि डेहराडूनच्या पौषात इंजिन तापायचं नावच घेत नाही. साताऱ्याच्या उन्हाळ्यात हाच बिघाड कुणाच्या लक्षात आला नसता.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. सकाळी गार गाडी सुरू कर आणि रेडिएटरच्या वरच्या बाजूचा जाड रबरी पाइप बाहेरून हाताने चाचपत राहा. पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात आणि मफलर दूर ठेव, आणि रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नकोस. थर्मोस्टॅट चांगला असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम होतो. अडकलेला असेल तर सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत जातो. स्कॅनर लावलास तर कूलंटचं तापमान चढावर वाढतं आणि उतारावर पुन्हा घसरतं, तेही दिसेल. 'पी ०१२८' हा कोड आला तर समज, गाडी स्वतःच सांगतेय की मी पुरेशी तापत नाही.

आता धुराकडे येऊ. धुराचा रंग पाहून अर्धं निदान होतं, पण रंगाबरोबर वेळ आणि वासही बघायला हवा.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला, टर्बो आणि इंटरकूलरमधला पाइप फाटलेला, धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलेला किंवा नोझल ठिबकणारं. पण फिल्टर शाबूत असेल तर हा काळा धूर मागच्या नळीतून दिसतच नाही, तो आत अडतो. म्हणून बीएस ६ गाडीने मागून काळा धूर सोडला तर दोनच अर्थ: फिल्टर तडकलाय किंवा आधीच्या मालकाने तो पोकळ केलाय.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. टर्बोचं सील, व्हॉल्व्हची सीलं, पिस्टनच्या रिंगा. ऑइल जळत असेल तर फिल्टरवर दुहेरी मार बसतो, कारण त्यातून काजळीबरोबर राखही येते. राखेचं पुढे सांगतो.

पांढरा धूर तीन प्रकारचा. थंडीत निघणारी साधी वाफ लगेच विरते, तिला वास नसतो, इंजिन तापलं की ती बंद. न जळलेल्या डिझेलचा धूर हवेत रेंगाळतो आणि डोळ्यांना झोंबतो. त्यामागे गार इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारा ग्लो प्लग, नोझल किंवा कमी कॉम्प्रेशन असतं. आणि कूलंट जळत असेल तर धुराला गोडसर वास येतो, कूलंटच्या डब्यातली पातळी दर आठवड्याला उतरते. मग हेड गॅस्केट किंवा ईजीआरचा कूलर संशयित. तुझ्या व्हिडिओत धूर गेटपर्यंत तरंगत गेलाय आणि तू लिहिलंस की डोळे चुरचुरतात. तेव्हा वाफ नाही, डिझेल आहे. थंडगार इंजिन आणि एखादा मेलेला ग्लो प्लग, असा माझा अंदाज. स्कॅनरवर 'पी ०६७१' ते 'पी ०६७४' यांतला कोड आला तर कितव्या सिलिंडरचा प्लग ते लगेच कळेल. कूलंटची पातळी मात्र डब्यावर पेनाने खूण करून आठवडाभर बघ. ती हलली नाही तर हेड गॅस्केटची भीती बहुतांशी मनातून काढून टाक.

आता एक काम लगेच कर. गाडी गार असताना मागच्या नळीत बोट घाल आणि आतल्या बाजूने फिरवून बघ. फिल्टर चांगला असेल तर बोटाला करडी धूळ लागेल, फार तर. काळीकुट्ट काजळी लागली तर फिल्टर गेलेला किंवा काढलेला. सेकंडहँड डिझेल गाडी घेताना माझं हे पहिलं काम असतं, मग बॉनेट. दुसरं म्हणजे फिल्टरच्या डब्यावर हाताने केलेलं वेल्डिंग दिसतं का ते बघायचं. कारखान्याचा जोड सरळ, एकसारखा असतो. कापून पुन्हा जोडलेला डबा ओळखू येतो. तुझं बोट स्वच्छ निघालं तर मी खूष होईन. फिल्टर अजून त्याचं काम करतोय असा त्याचा अर्थ, आणि काम करणारा फिल्टर फेकायचा नसतो.

मग ऑइल. डिपस्टिक काढून बघ. ऑइल कमी झालंय का हे बघायची आपल्याला सवय असते. तुझ्या बाबतीत ते वाढलंय का ते बघायचं. रीजन अर्धवट तुटत राहिलं की उशिरा सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल, पट्टीला डिझेलचा वास येत असेल, ऑइल बोटांत पाण्यासारखं पातळ लागत असेल, तर गाडी तिथेच उभी कर आणि ऑइल बदलल्याशिवाय हलवू नकोस. एक तर पातळ ऑइलने बेअरिंगं खराब होतात. दुसरं म्हणजे जादा ऑइल हवेच्या वाटेने इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळत सुटतं, आणि मग चावी काढली तरी थांबत नाही. मकरंद, हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नकोस.

ऑइल बदलताना कॅनवर काय लिहिलंय ते स्वतः वाच. तुझ्या गाडीच्या पुस्तकात जे मानक छापलंय तेच हवं. फिल्टरवाल्या डिझेल मोटारींना कमी राखेचं ऑइल लागतं. बऱ्याच पुस्तकांत ते 'एसीईए सी३' किंवा 'सी२' असं असतं. ट्रकचं स्वस्त ऑइल ओतलं तरी इंजिन चालेल, पण त्यातल्या धातुयुक्त पदार्थांची राख होऊन ती फिल्टरमध्ये बसेल. काजळी जळते, राख जळत नाही. रीजन कितीही केलं तरी राख तिथेच राहते, हळूहळू फिल्टरची जागा खात जाते. लाख-दीड लाख किलोमीटरनंतर चांगल्या गाडीचाही फिल्टर राखेने भरत येऊ शकतो, तेव्हा तो खोलून मशीनवर उलट्या दिशेने धुऊन किंवा भट्टीत भाजून साफ करावा लागतो. टाकीत ओतायच्या बाटल्या विकतात, त्या काजळी जळायला थोडी मदत करत असतील, राख त्यांनी जात नाही.

आता स्कॅनर. तुझ्या मिस्त्रीने लावला आणि म्हणाला, 'फिल्टर चोक आहे.' त्याने कोड वाचला आणि तिथेच थांबला. 'पी २४६३' म्हणजे काजळी जास्त साठली, एवढंच. ती का साठली ते हा कोड सांगत नाही. त्याला सांग, लाइव्ह डेटा उघड. त्यात बघायचं ते असं: काजळी किती टक्के, राख किती, शेवटचं रीजन पूर्ण होऊन किती किलोमीटर झाले, आणि फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक. बऱ्याच गाड्या निरोगी असताना काही शे किलोमीटरांनी एकदा रीजन करतात. शंभराच्या आतच पुन्हा पुन्हा होत असेल तर इंजिन काजळी जास्त करतंय, किंवा सेन्सर खोटं बोलतोय.

सेन्सरची गोष्ट तुला सांगायलाच हवी. फिल्टर किती भरलाय हे कॉम्प्युटरला प्रत्यक्ष दिसत नाही. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन बारीक नळ्या निघतात, त्या एका छोट्या सेन्सरला जाऊन मिळतात आणि तो दोन्हीकडच्या दाबातला फरक सांगतो. गेल्या पावसाळ्यात कराडकडची एक गाडी आमच्याकडे आली. दुसरीकडे फिल्टर बदलायचं अंदाजपत्रक मिळालं होतं, मालक कर्ज काढायच्या बेतात. मी चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही, आणि स्कॅनर पाहिला. इंजिन बंद आहे, धूरच नाही, तर दाबातला फरक शून्य हवा. तो शून्य होता, म्हणजे सेन्सर बरा. मग इंजिन सुरू करून फेरे वाढवले, तर आकडा एकदा उडी मारायचा, एकदा पडायचा. वाढणाऱ्या धुराबरोबर तो सरळ चढायला हवा होता. सेन्सरकडे जाणारी रबरी नळी वरून अगदी नवी दिसत होती. ती उलटी वाकवली तेव्हा खालच्या अंगाला, क्लिपच्या लगेच पुढे, नखाएवढी चीर उघडली. आत काजळीचा ओला गोळाही बसला होता. नळी बदलली, मेटलची नळी साफ केली, स्कॅनरने एक रीजन करून घेतलं. ती गाडी अजून त्याच फिल्टरवर पळतेय.

म्हणून तुझ्या मिस्त्रीला या क्रमाने काम करू दे. आधी एअर फिल्टर. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंतचे पाइप: जोडाजवळ तेलकट ओल दिसली, किंवा चढावर जोर देताना शिट्टी ऐकू आली, की तिथून हवा निसटतेय. 'पी ०२९९' हा कमी दाबाचा कोडही तेच सांगतो. मग ईजीआर, 'पी ०४०१' आला असो वा नसो, उघडून बघायचा. मग ग्लो प्लग आणि थर्मोस्टॅट. मग नोझलांची रिटर्न लाइनची चाचणी, कोणतं नोझल जास्त डिझेल परत पाठवतंय ते बघायला. मग त्या दोन नळ्या आणि सेन्सर. इतकं निस्तरल्यावर ऑइल बदलायचं, आणि मगच वर्कशॉपमध्ये स्कॅनरवरून फोर्स रीजन. त्यानंतर दाबातला फरक उतरला तर प्रश्न काजळीचा होता, मिटला. उतरला नाही तर राख आहे. फिल्टर खोलून साफ करून घे. आणि तो तडकला असेल किंवा वितळला असेल, तेव्हाच नव्याचे पैसे मोज. 'पी २००२' हा कोड आला तर फिल्टर काजळी अडवत नाहीये असा त्याचा रोख असतो, तिथे मात्र फिल्टरवर खरा संशय घ्यायचा.

तोवर दिवा लागला तर काय करायचं? नुसता फिल्टरचा दिवा स्थिर पेटला असेल तर टाकीत पाव तरी डिझेल आहे ना ते बघ, कारण राखीववर आलेल्या गाडीत बऱ्याचदा रीजन होत नाही. मग रविवारी सगळ्यांना घेऊन डोईवाल्यावरून हरिद्वारला जाऊन ये. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता आहे, मोकळा मिळेल तिथे एक गिअर खाली ठेवून दोन हजाराच्या वर फेऱ्यांवर एका चालीने गाडी चालव. मसुरीचा रस्ता त्यासाठी अर्धाच कामाचा: चढताना धूर तापतो, पण उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो, इंजिनात डिझेलच जात नाही आणि फिल्टर पुन्हा गार पडतो. दिवा लुकलुकत असेल, किंवा त्याच्याबरोबर इंजिनाचा दिवा लागून गाडीची ताकद कापली गेली असेल, तर मात्र हायवेवर पळवून जाळायच्या भरीला पडू नकोस. तेव्हा फिल्टरमध्ये काजळी इतकी असते की ती एकदम पेटली तर ठोकळाच वितळतो. सरळ वर्कशॉप गाठ.

आणि तुमच्या भागासाठी खास एक. उन्हाळ्यात डोंगरात रस्त्याकडेला चीडाच्या सुया, तुमचं ते 'पिरूल', वितभर साचलेलं असतं. दरवर्षी त्यावरून वणवे पेटतात. रीजन चालू असताना किंवा नुकतं झालं असताना गाडीच्या पोटाखाली प्रचंड उष्णता असते. अशा वेळी गाडी वाळक्या पानांवर, गवतावर उभी करायची नाही. डांबरावर किंवा दगडावर लाव.

राहिला फिल्टर पोकळ करायचा प्रश्न. तू लिहिलंस, 'सगळेच करतात, पीयूसी पण निघते.' पीयूसी निघेल, ते खरं आहे. बीएस ४ च्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ५० हार्ट्रिज एकक आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५. पीयूसीची यंत्रं धूर किती गडद ते मोजतात. फिल्टर अडवतो ते कण इतके बारीक असतात की अशा यंत्राला नीट दिसतच नाहीत. म्हणूनच नेदरलँड्सने १ जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने १ जुलै २०२३ पासून गाडीच्या तपासणीत कण मोजणारी यंत्रं आणली, आणि ब्रिटनमध्ये २०१४ पासून कारखान्यात बसवलेला फिल्टर काढलेला आढळला तर गाडी वार्षिक तपासणीत नापास होते. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा फेरबदल करू देत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी ते कण बाजूला राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात घातला. त्या गटात तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस आहेत. मी हे तुला आवर्जून लिहितो कारण गाडीच्या मागे दिवसभर उभी राहणारी माणसं मला रोज दिसतात. आमच्या गॅरेजमधली पोरं, पेट्रोल पंपावरच्या मुली, चौकातला ट्रॅफिकवाला, शाळेच्या रिक्षात बसलेली मुलं. तुझ्या डेहराडूनचं दून खोरं तर दोन बाजूंच्या डोंगरांमध्ये अडकलेलं. थंडीत तिथली हवा सकाळी हलत नाही. तुझ्या गाडीतून सुटलेली काजळी तुझ्याच गल्लीत काकूंच्या फिरायच्या वेळी असणार आहे. त्यांना दमा आहे, हे तूच मागे सांगितलं होतंस.

शिवाय पैशाचा हिशेबही ऐक. पोकळ फिल्टरची गाडी पुढे विकताना जाणकार गिऱ्हाईक नळीत बोट घालूनच बघणार. सॉफ्टवेअर बदललेल्या गाडीचा खरा बिघाड नंतर शोधायला जीव जातो, कारण कॉम्प्युटरला मुद्दाम आंधळं केलेलं असतं. तुझा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट तसाच राहील, इंजिन वर्षभर गार चालेल, ऑइल खराब होत राहील. याच्या तुलनेत थर्मोस्टॅट, ग्लो प्लग, एक रबरी नळी आणि योग्य ऑइल हे सगळं मिळून नव्या फिल्टरच्या किमतीच्या एका छोट्या तुकड्यात बसतं.

गाडी दुरुस्त झाल्यावर सवय थोडी बदल. ऑफिसला चार किलोमीटर जायला सायकल किंवा बस बघ. ही गाडी लांबच्या रस्त्याची आहे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास नेत जा. पंखा फिरत असेल, फेरे चढे असतील, तर घराजवळ पोचूनही लगेच चावी काढू नकोस, आणखी एक वळसा मारून ये. ज्याचा सगळा वापर गावातल्या गावात आहे त्याने मुळात फिल्टरवाली डिझेल गाडी घेऊच नये, असं मी आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतो. तू घेतलीस ती घेतलीस. चांगली गाडी आहे, तिची कदर कर.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना सांग की हीटरची तक्रार त्यांनी केली म्हणून बरं झालं. हळदीकुंकवाचा तिळगूळ वेगळ्या पुड्यात पाठवतोय.

आणि तुला विनंती एकच: डबा कापायला कुणी ग्राइंडर हातात घेतला तर त्याला थांबव. आधी पाइप चाचपून बघ, नळीत बोट घालून बघ, डिपस्टिकचा वास घे आणि जे दिसेल ते मला जसंच्या तसं कळव. बाकीचं आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
शिरीष